अर्धी वर्गात, अर्धी व्हरांड्यात

मित्रांनो, वर्गात शिरल्यावर तुमची नजर आधी फळ्याकडे जाते, मग भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांकडे. खाली मात्र कोणी बघत नाही. खाली मी असते. मी एक जुनी बस्करपट्टी आहे. धडगावच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गात मी राहते.

माझा जन्म तागाचा. कुठल्याशा दूरच्या गिरणीत मला विणले, अंगावर लाल-हिरवे पट्टे काढले आणि गुंडाळून गठ्ठ्यात बांधले. तो गठ्ठा शहाद्याच्या एका दुकानात बरेच दिवस पडून होता. मग एके दिवशी मला जीपच्या टपावर दोरीने आवळले आणि जीप घाट चढू लागली. प्रत्येक वळणावर मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलंडत होते. जीप जिथे थांबली तिथून पुढे रस्ता नव्हता. एका माणसाने मला डोक्यावर घेतले आणि शाळेत आणून टाकले.

त्या दिवशी पोरांनी माझ्यावर लोळण घेतली होती. त्याआधी ती नुसत्या फरशीवर बसत. थंडीत फरशी इतकी गार पडे की पोरे एका जागी टिकत नसत. मी आले आणि वर्ग स्थिरावला. "नवी पट्टी! नवी पट्टी!" असे माझे कौतुक झाले. माझ्यावर बसून पोरे पाढे म्हणायला शिकली, पडलेले दात एकमेकांना दाखवायला शिकली, आणि कधी कधी माझ्यावरच झोपी गेली. धडगावच्या रस्त्यावर आज जीप चालवणारा दिनेश माझ्यावरच बसून 'क' काढायला शिकला. 'क'चे पोट त्याला कधी जमले नाही, ती गोष्ट वेगळी.

मग शाळेत बाक आले. छान पिवळे, गुळगुळीत. मला गुंडाळून सामानाच्या खोलीत ठेवले. तिथे मोडका तराजू होता, फुटका ढोल होता आणि उंदीर होते. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. माझ्यावर धूळ साचली. मला वाटले, संपले आता आपले.

पण यंदा शाळेत नूतन मॅडम आल्या. त्या तापीकाठच्या एका गावच्या, केळी-कापसाच्या शेतकरी घरातल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आले की पहिलीच्या पोरांचे पाय बाकावरून लोंबकळतात. जमिनीला टेकतच नाहीत. पाय हवेत असले की पोर सारखे चुळबुळते. मॅडमनी सामानाची खोली उघडली, मला ओढून बाहेर काढले, नाकाला पदर लावून जोरजोरात झटकले, बाक मोठ्यांच्या वर्गात हलवले आणि मला पुन्हा इथे अंथरले. पोरांचे पाय जमिनीला लागले. माझाही जीव जागेवर आला.

पण मला तुम्हाला सांगायचे आहे ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका आठवड्याबद्दल.

त्या सोमवारी भुरीबाई नावाची एक आजी आपल्या नातीला घेऊन शाळेत आली. नातीचे नाव रिना. वयाने पहिलीची. पण दर वर्षी दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जात आणि रिनालाही सोबत नेत. पावसाळ्यात पाड्यावर असली तरी दिवसभर शेळ्यांमागे. त्यामुळे शाळा तिने फक्त लांबून पाहिलेली. घरात बोलायचे ते पावरीत. मराठी तिच्या कानावर फारशी पडलीच नव्हती.

आमच्या पाड्यावर सगळेच पावरी बोलतात. त्यांचे बोलणे मी तुम्हाला शाळेच्या भाषेत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

रिना व्हरांड्यातल्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. मॅडम हसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "ये बाळ, आत ये." रिना खांबामागे गेली. मॅडमनी तिचा हात धरला आणि प्रेमानेच, पण जरा ओढला. झाले! रिनाने अशी किंकाळी फोडली की माझ्यावर बसलेली सगळी पोरे दचकून उठली. तिने मॅडमच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि तुरीच्या शेतात पळून गेली.

मॅडम मनगट चोळत उभ्या राहिल्या. भुरीबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिला तोडकेमोडके मराठी येत होते. ती म्हणाली, "मॅडम, पोरीवर राग नको धरू. तिचा बाप धनसिंग, माझा पोरगा, तो रविवारी ऊसतोडीला जातो. मी बोलली, पोरीला माझ्याजवळ ठेव, शाळेत बसव. तो बोलला, शनिवारपर्यंत बघू. पोरगी शाळेत बसली तर ठेवतो. नाही बसली, रडत राहिली, तर घेऊन जातो."

"आणि तिची आई काय म्हणते?" मॅडमनी विचारले.

"सीमा काय बोलणार? आई ती. तिला पोरगी जवळ पाहिजे. पोरगी शाळेत पण पाहिजे." भुरीबाई पुढे म्हणाली, "तिकडे पोरगी दिवसभर पाचटात बसते. लहान भावंडाला सांभाळते. गेल्या साली तिच्या पायावरून बैलगाडीचं चाक जाता जाता राहिलं."

 त्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम बराच वेळ दारात उभ्या होत्या. एकदा बाहेर बघत होत्या, एकदा माझ्याकडे.

मंगळवारी सकाळी त्यांनी एक अजब गोष्ट केली. रोज मला फळ्यासमोर आडवी अंथरत. त्या दिवशी त्यांनी मला उभी अंथरली. माझे एक टोक फळ्यापाशी, आणि दुसरे उंबऱ्यावरून पार बाहेर, व्हरांड्यात, त्या खांबापर्यंत. इतक्या वर्षांत मी अशी कधी पडले नव्हते. पोटाखाली उंबरा टोचत होता. अर्धे अंग सावलीत, अर्धे उन्हात.

मुख्याध्यापक हेमकांत सर तिकडून आले. ते शहाद्याकडचे. फळ्यावर लिहिताना शुद्ध मराठी, पण बोलायला लागले की अहिराणी. माझ्याकडे बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मॅडम, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही? पोरे मझार नि पट्टी बाहेर?"

मॅडमही त्याच बोलीत म्हणाल्या, "पोरगी मझार येत नही ना सर. म्हणीसन पट्टीच बाहेर धाडी."

सर हसले, डोके हलवले आणि मला ओलांडून निघून गेले.

रिना आली. आधी तुरीच्या कडेला उभी राहिली. मग खांबापाशी आली. तिने माझे टोक पाहिले. पायाच्या अंगठ्याने चाचपले. मॅडम तिच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या पोरांना माती देत होत्या. ज्याला जे आवडते ते करायचे. कोणी बैल करत होते, कोणी चूल, कोणी नुसतीच भाकर थापत होते. मातीचा एक ओला गोळा मॅडमनी माझ्या टोकावर ठेवला आणि परत आत गेल्या. थोड्या वेळाने माझ्या त्या टोकावर अगदी हलके ओझे पडले. रिना बसली होती. तिने मातीचे काहीच केले नाही. फक्त गोळा दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. शाळा सुटली तेव्हा गोळ्यावर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. मॅडमनी तो गोळा सगळ्यांच्या बैलांशेजारी खिडकीत ठेवला.

बुधवारी मॅडमनी मला हातभर आत ओढून घेतले. त्यामुळे रिनाची जागाही हातभर आत आली. तिला ते कळले की नाही कोण जाणे. त्या दिवशी चिंचोक्यांचा खेळ होता. फळ्याकडून एक एक चिंचोका निघायचा आणि माझ्यावरून हातोहात शेवटापर्यंत जायचा. ज्याच्या हातात येईल त्याने अंक म्हणायचा. एक, दोन, तीन असे करत चिंचोके दाराशी पोहोचत. रिनाच्या हातात आले की अंक थांबायचा. ती तोंड उघडत नसे. पण चिंचोका मात्र आपल्या गुडघ्यापाशी नीट मांडून ठेवायची. शेवटी मॅडम उठून दाराशी आल्या आणि बसल्या. बघतात तर चिंचोक्यांच्या पाच-पाचच्या रांगा! ऊसतोडीच्या तळावर मोळ्या अशाच मांडतात म्हणे. मॅडमनी एका रांगेवरून बोट फिरवत अंक म्हटले. रिनाचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ओठ हलले. मला ते जवळून दिसले.

गुरुवारी ती उंबऱ्याच्या आत होती. मित्रांनो, मी मनात फार खूश होते. पण खुशीच्या भरात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. वर्गातून बाहेर जायचे असले की पोरे हात वर करून "मॅडम, बाहेर जाऊ?" असे विचारतात. रिनाला ते कसे विचारायचे ते ठाऊकच नव्हते. आदले दोन दिवस ती बाहेरच असल्यामुळे उठून निघून जायची. आज ती आत होती आणि दाराच्या वाटेवर पोरे दाटीने बसली होती. ती चुळबुळली. तिने पाय आवळून घेतले. मग माझ्या अंगावर काहीतरी कोमट पसरले.

मला त्याचे काही नाही. मी पहिलीच्या वर्गातली पट्टी आहे. असे किती झेललेत म्हणून सांगू! पण दुसरीतला जान्या मोठ्याने हसला आणि बोट दाखवून ओरडला. मग सगळेच हसले. रिनाचा चेहरा राखेसारखा झाला. ती उठली, फ्रॉक मुठीत धरला आणि पळाली. मागे वळूनही पाहिले नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पोरांना घेऊन मला हापशावर नेले. हापसा जान्याला मारायला लावला. मी ओली झाले की फार जड होते, मला पिळता पिळता पोरांचा घाम निघाला.  मॅडमनी जान्याला सहज विचारले, "जान्या, तू पहिलीत होतास तेव्हा काय झालं होतं रे?"

जान्या जमिनीकडे बघत म्हणाला, "माझी पण झाली होती."

"कोण हसलं होतं तुला?"

"सगळे."

 मला शाळेच्या कुंपणावर वाळत टाकताना मॅडम हेमकांत सरांना म्हणाल्या, "सर, माझंच चुकलं. 'बाहेर जाऊ का' हे मी तिला सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे होतं. मी चिंचोके मोजत बसले." मग त्यांनी पोरांकडूनच शिकून घेतले, हे पावरीत कसे विचारतात. त्या चुकीचे म्हणत होत्या आणि पोरे हसून हसून लोटपोट होत होती. पुन्हा म्हणा मॅडम, पुन्हा म्हणा!

शुक्रवारी रिना आली नाही. मी अजून ओलसरच होते, म्हणून कुंपणावरच होते. पोरे गार फरशीवर बसली होती. भुरीबाई एकटीच आली. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, पोरगी घरात पण नाही. कुठं लपली माहीत नाही. सीमाने तिचा फ्रॉक गाठोड्यात बांधला."

मॅडमचा चेहरा उतरला. पण मला कुंपणावरून जे दिसत होते ते त्यांना दिसत नव्हते. समोरच्या महूच्या झाडामागे रिना उभी होती. शाळेत येववत नव्हते आणि घरी जाववत नव्हते. तिथूनच ती वर्गातला आवाज ऐकत होती.

तेवढ्यात एक शेळी आली. जान्याच्या घरची, काळी, एक शिंग मोडलेली. शाळेच्या आवारात चरणे हा ती आपला हक्कच समजते. ती माझ्याजवळ आली, माझी कड हुंगली आणि चावायला लागली. उंदरांनी कुरतडलेलीच कड. ताग करकर तुटू लागला. मला काय ओरडता येते थोडेच?

"हुर्र्‌! हुर्र्‌! हुर्र्‌!"

केवढा आवाज! झाडावरची पाखरे उडाली. रिना धावत आली, तिने शेळीच्या पाठीत चापट मारली आणि माझे दुसरे टोक धरून ओढले. शेळी सोडेना. रिना सोडेना. मी दोघींच्या मध्ये ताणली गेले. "हुर्र्‌!" म्हणून रिनाने आणखी एक हिसका दिला, शेळीच्या तोंडातून मी सुटले आणि रिना मागच्या मागे धपकन पडली. उठली, मला काखेत मारले, जेवढी मावले तेवढी, आणि उरलेली फरफटत घेऊन तरातरा वर्गात शिरली. फळ्यापासून दारापर्यंत मला अंथरले, जशी तिने रोज पाहिली होती तशी. हाताने सुरकुत्या काढल्या.

मग तिने वर पाहिले. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ती वर्गाच्या अगदी मधोमध उभी होती.

मला वाटले, आता पळते.  मॅडमनी तिला शाब्बास म्हटले नाही, टाळ्या वाजवायला सांगितल्या नाहीत. त्या येऊन माझ्यावर मांडी घालून बसल्या. पोरांकडून शिकलेल्या त्या मोडक्या पावरीत त्यांनी विचारले, "बाहेर जायचं आहे का?"

रिनाला आधी कळलेच नाही. मग कळले. मॅडमचा उच्चार इतका विचित्र होता की तिच्या तोंडून फसकन हसू आले. तिने मान हलवली. नाही जायचे.

मॅडमनी पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले : हुर्र. पाटी सगळ्यांना दाखवली. "हे काय लिहिलंय? रिनाने आत्ता काय म्हटलं?"

"हुर्र्‌!" सगळा वर्ग ओरडला. बाहेर शेळी दचकून पळाली. रिनाने पाटीकडे पाहिले. आपल्या तोंडातला आवाज पाटीवर असा जाऊन बसतो, हे तिला नवीन होते. तिने 'ह'वर बोट ठेवले.

जान्या बसल्या जागेवरून जरा सरकला. "शेळी आमची आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "इथं बस." आणि ती बसली.

शनिवारी सकाळची शाळा होती. पोरांपुढे वाळूची ताटे होती आणि पोरे वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. शाळा सुटायच्या सुमारास धनसिंग आणि सीमा आले. सीमाच्या कडेवर धाकटे पोर होते, डोक्यावर गाठोडे होते. धनसिंगने चपला व्हरांड्यात काढल्या आणि दारात उभा राहिला. शाळेच्या दारात उभे राहायची त्याला सवय नव्हती, हे त्याच्या पायांवरून कळत होते.

"रिना, चल," तो म्हणाला. "गाडी उद्या निघते."

रिना उठली नाही. ती ताटातल्या वाळूकडे बोट करून म्हणाली, "बाबा, हे बघ."

धनसिंग आत आला आणि माझ्यावर उकिडवा बसला. त्याने वाळूकडे पाहिले. "काय आहे?"

"मी बोलले ते."

"तू काय बोललीस?"

"हुर्र्‌."

धनसिंगला हसू फुटले. "शेळी हाकलायचं हुर्र्‌? ते पण लिहितात?"

"लिहितात," रिना ठामपणे म्हणाली. "मॅडम लिहिते."

सीमा दारातच उभी होती. तिने कडेवरचे पोर सावरले. "पोरी, आम्ही गेल्यावर रडशील ना गं?"

रिनाने विचार केला. तिने खोटे सांगितले नाही.

"रडेन," ती म्हणाली. "इथं बसून रडेन."

 धनसिंगने वाळूतल्या त्या अक्षरावरून हळूच बोट फिरवले, ते पुसले जाऊ नये अशा बेताने. मग सीमाने गाठोडे खाली उतरवले, गाठ सोडली, आतून रिनाचा फ्रॉक काढला आणि भुरीबाईच्या हातात दिला. गाठोडे पुन्हा बांधायला तिला थोडा वेळ लागला.

रविवारी शाळा बंद होती. मी कोपऱ्यात गुंडाळलेली होते. सकाळी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज मी ऐकला. सोमवारी रिना आली आणि सांगितल्याप्रमाणे माझ्यावर बसून रडली. चांगली पोटभर रडली. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांच्या पाट्या बघत राहिल्या. कोणी हसले नाही. दुपारी खिचडीचा वास आला तेव्हा तिने डोळे पुसले आणि ताट घेऊन रांगेत उभी राहिली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबतीण नाही. माझे पट्टे विटले आहेत, एक कड तर पार गेली आहे. पण अजून मी बसायला ऊबदार आहे. तुमच्या शाळेत माझ्यासारखी कोणी असेल, तर शाळा सुटल्यावर तिला झटकून ठेवा. भिजली तर उन्हात घाला, ओलीच गुंडाळू नका, आम्ही आतून कुजतो. आणि एखादे नवे पोर दारात घुटमळताना दिसले, तर त्याला हाताला धरून ओढू नका. बसल्या जागेवरून जरासे सरका. मग ते आपले आपण आत येते.